पायात रॉड आणि गाडी पुन्हा गरम: बोनेटसमोर बसून दोष कसा शोधायचा

लक्षण आधी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सकाळी गाडी चालू केली की काही तक्रार नाही. सोलापुरात होटगी रोडनं मोकळं जाताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. दुपारी एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं किंवा नवी पेठेच्या गर्दीत सापडलं की काटा हळूहळू वर सरकतो. गाडी सावलीत लावली, थंड झाल्यावर पाणी घातलं, की काही दिवस सगळं सुरळीत. मग पुन्हा तेच. थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलून झाला, कूलंट (पाण्यात मिसळायचं इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलून झालं, तरी दुखणं परत येत राहिलं. गाडी जुनी, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची पेट्रोल.

अशातच माझ्या डाव्या नडगीचं हाड मोडलं. आत रॉड बसवलाय, कुबड्यांवर चालतोय, आणि पायावर थोडाच भार टाकायची परवानगी आहे. डावा पाय म्हणजे क्लच, त्यामुळे गाडी चालवून बघण्याचा प्रश्नच मिटला.

या दोन्ही अडचणी एकदम ज्यांच्यावर आल्यात त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं ठाम मत असं झालंय की पाय दुखावलेल्या माणसानं दोष शोधण्याचं काम स्वतःकडे ठेवावं आणि जोर लावण्याचं काम दुसऱ्याला द्यावं. गरम होणाऱ्या गाडीचा दोष शोधायला जोर फारसा लागतच नाही. बघावं लागतं, हात लावून अंदाज घ्यावा लागतो, गाडी थंड होईपर्यंत थांबावं लागतं. गॅरेजमध्ये गाड्यांची रांग असते, एवढं थांबायला तिथे कुणाला सवड नसते. मग अंदाजानं एखादा भाग बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. घरी बसलेल्या माणसाकडे सवड हीच मोठी गोष्ट आहे.

आधी पायाचं

डॉक्टरांनी किती भार टाकायला सांगितलंय ते किलोत विचारून घ्या. "थोडा चालेल" म्हणजे नेमका किती, हे बोनेटवर वाकलेल्या माणसाला कळत नाही. फिजिओथेरपिस्ट घरच्या वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवायला लावून तेवढाच दाब द्यायला शिकवतात. तो अंदाज अंगवळणी पडल्याशिवाय हातात पाना घेऊ नका. उकिडवं बसणं, गुडघा टेकून वाकणं, गाडीखाली सरकणं या काळात पूर्ण बंद. जॅक लावायचं कामच काढायचं नाही.

पाय खाली सोडून बसलं की रक्त खाली साचतं, घोटा आणि पाऊल सुजतं. उन्हाळ्यात सूज आणखी लवकर येते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला सहज जातो. म्हणून अर्ध्या तासाचा गजर लावून काम करा. गजर झाला की हातातलं काम तिथेच ठेवायचं, आत जाऊन आडवं व्हायचं आणि पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचा. त्या वेळात घोटा वर-खाली हलवायचा व्यायाम करा, अर्थात तुम्हाला तो सांगितला असेल तर. पोटरी अचानक दुखायला लागली, गरम लागायला लागली, पाय उंच करूनही सूज उतरेना, तर गाडी सोडून डॉक्टरांना फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणं हा या दुखापतीनंतरचा खरा धोका आहे. ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी एक काळजी. रेडिएटरच्या पत्र्या आणि होज पाइपच्या क्लिपांची टोकं धारदार असतात. एरवी ज्या ओरखड्याकडे आपण बघतही नाही, तो या गोळ्यांवर बराच वेळ वाहतो. हातमोजे घाला. पण इंजिन चालू असताना सैल कापडी मोजे घालून बेल्टजवळ हात न्यायचा नाही. झोप आणणारी वेदनाशामक गोळी घेतली असेल त्या दिवशी काम नको.

प्लॅस्टर असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. टाक्यांची जखम अजून ओली असेल तर कूलंटचं आणि गंजाचं पाणी तिथपर्यंत जाता कामा नये. मधुमेह असलेल्यांनी तर जखम भरेपर्यंत फक्त खुर्चीवरून सूचना द्याव्यात.

बैठक

लहान गाडीच्या बोनेटखालची पुढची पट्टी उभ्या माणसाच्या मांडी-कंबरेच्या मधे येते. साध्या खुर्चीवर बसलं तर हात वर धरून काम करावं लागतं, उभं राहिलं तर एका पायावर वाकावं लागतं. या दोन्हींच्या मधली उंची हवी: चार पायांचं मजबूत, उंच स्टूल. दुकानदार गल्ल्यामागे बसायला वापरतात तसलं. चाकांची खुर्ची सोयीची वाटते, पण पाना ओढला की ती मागे पळते. ती अजिबात नको. दुखरा पाय दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटवर उशी ठेवून समोर लांब करा. स्टूल गाडीच्या नाकासमोर सरळ न लावता थोडं तिरकं लावलं तर पायाला जागा मिळते.

पाना नेहमी स्वतःकडे ओढायचा, आणि घट्ट नट पहिल्यांदा सोडवायचं काम मदतीला असलेल्या माणसाचं. नट अचानक सुटला की तोल जातो. धडधाकट माणूस एक पाऊल मागे टाकून सावरतो, आपल्याकडे ते पाऊल नाही.

आपल्या घरांपुढे शहाबादी फरशी असते. कोरडी असताना छान, पण कूलंट सांडलं की तिच्यावर कुबडीचं रबर धरत नाही. कूलंट पाण्यापेक्षा चिकट आणि निसरडं असतं, आणि नुसतं पुसून जात नाही. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू घमेल्यात भरून जवळ ठेवा, सांडलं की लगेच टाका, आणि फरशी धुऊन वाळेपर्यंत जागचे उठू नका. गोणपाट किंवा चिंध्या अंथरायच्या नाहीत, कुबडीचं टोक त्यात अडकतं. कुबड्या हाताच्या टप्प्यात, मडगार्डला टेकवून ठेवा. आणि सांडलेलं कूलंट गल्लीतल्या कुत्र्यांच्या आणि लहान मुलांच्या वाटेला जाऊ देऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

मदतीला एक माणूस हवाच. माझ्याकडे पुतण्या आहे. तो चालकाच्या जागी बसतो, मी बोनेटसमोर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. बोलायचे शब्द दोनच ठरवलेत, "चालू" आणि "बंद". मी म्हटल्याशिवाय तो किल्लीला हात लावत नाही. खिडकीतून हात घालून गाडी स्वतः चालू करायला जाऊ नका. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उडी मारते, आणि पुढे आपणच बसलेलो असतो.

गरम असताना झाकण उघडायचं नाही

हा नियम सगळ्यांना माहीत असतो. तुमच्या बाबतीत तो दुप्पट कडक का, ते समजून घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, उघड्या भांड्यात इथे पाणी ९८-९९ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ लिहिलं असेल तर तेवढ्या बारचा जादा दाब. त्या दाबाखाली पाणी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर. म्हणजे तापलेल्या गाडीत आतलं पाणी १०५-११० अंशांवर असूनही शांत असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं. उडी मारून मागे सरणाराही भाजतो. स्टुलावर पाय लांब करून बसलेला माणूस कुठे जाणार?

म्हणून झाकणाचं प्रत्येक काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. सोलापुरात तसंही नऊनंतर उन्हातल्या बोनेटला हात लावता येत नाही.

काटा कधी चढतो, त्यावरून दिशा

सुटा भाग आणायच्या आधी हे ठरवा. थांबलेल्या गाडीत काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर वाऱ्याचा प्रश्न आहे: फॅन, फॅनची वायरिंग, किंवा बाहेरून बुजलेली जाळी. थांबल्यावर ठीक पण तुळजापूरचा घाट चढताना किंवा हायवेला ताणल्यावर चढतो, तर पाणी पुरेसं फिरत नाही: रेडिएटर आतून बुजलाय, वॉटर पंप कमजोर आहे, किंवा मुळात पाणीच कमी आहे. गाडी चालू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर जातो आणि वरचा होज पाइप मात्र थंडच राहतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला हवा. काटा एकदम उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो, तर आत हवा आहे. ती हवा भरताना राहिलेली असू शकते, किंवा हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्या मधल्या पत्र्याच्या पॅकिंगमधून येत असू शकते.

काटा चढत असताना हीटर पूर्ण गरमवर लावून बघा. झरोक्यातून थंड हवा आली तर पाण्याची पातळी बरीच खाली गेलीय, हीटरपर्यंत पाणी पोचतच नाही. ही खूण फार कमी लोक वापरतात आणि ती बसल्या जागेवरून मिळते. मात्र ती बघितली की इंजिन लगेच बंद करायचं.

माझ्या गाडीत खुणा दोन दिशांना जात होत्या. थांबल्यावर चढतो म्हणजे फॅन. पण पाणी घातल्यावर काही दिवस बरं वाटतं म्हणजे पातळी. अशा वेळी दोन दोष असण्याची शक्यता धरूनच चालायचं. एक दुरुस्त केला आणि गाडी पुन्हा तापली, म्हणून पहिली दुरुस्ती चुकीची ठरत नाही.

बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

"बाटली तर भरलेली हाय की ओ काका, पानी कुठं कमीय?" शेजारचा मुलगा म्हणाला. बहुतेक जण इथेच फसतात. रेडिएटरला बारीक नळीनं जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या बाटलीतली पातळी बघून सगळे निर्धास्त होतात, आणि रेडिएटरचं झाकण थंड गाडीत उघडून आत बघत नाहीत. मी सकाळी उघडलं तर बाटली वरच्या खुणेच्याही वर आणि रेडिएटरच्या गळ्यात पाणीच दिसेना.

याचं कारण झाकणातच असतं. झाकणाला दोन झडपा असतात. गाडी तापली की पाणी फुगतं, मोठी झडप उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीनं बाटलीत जातं. गाडी थंड झाली की आत पोकळी तयार होते, मधली छोटी झडप उघडते आणि तेच पाणी बाटलीतून परत ओढलं जातं. छोटी झडप क्षारानं चिकटली तर पाणी जातं पण परत येत नाही. दर वेळी गाडी तापली की रेडिएटर थोडा रिकामा होतो, बाटली थोडी भरते. काही दिवसांनी वरच्या भागात हवा साठते आणि काटा चढतो. आपण पाणी घालतो, पुन्हा काही दिवस बरं. दोष ठरलेल्या अंतरानं परत येतो तो यामुळे.

दोन खुणांवरून हे ओळखता येतं. सकाळी थंड गाडीत वरचा होज पाइप आत ओढल्यासारखा चपटा दिसतो. आणि झाकण हातात घेऊन मधली छोटी चकती नखानं हळूच ओढली तर ती सहज उचलून परत बसायला हवी. अडकत असेल, रबराला चीर पडली असेल किंवा गोल खाच उमटली असेल, तर झाकण बदला. नवं घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा बघूनच घ्या. ०.९च्या जागी १.१ बसवलं की गाडी थंड राहते असं सांगणारे भेटतील. त्यानं फक्त जुन्या होज पाइपांवरचा ताण वाढतो.

झाकण बदलूनही पाणी परत ओढलं जात नसेल तर गळ्यापासून बाटलीपर्यंतची बारीक नळी बघा. तिला चीर असेल, किंवा बाटलीतलं तिचं टोक पाण्याच्या वर लोंबत असेल, तर पाण्याऐवजी हवाच ओढली जाते. ही नळी मी मोबाईलचा कॅमेरा खाली धरून, टॉर्च लावून चित्रीकरण करून तपासली. वाकायची गरज पडली नाही. मोबाईल हे या काळातलं सगळ्यात उपयोगी अवजार आहे, आणि त्याच्या खालोखाल लांब दांड्याचं चुंबक. खाली पडलेला नट उचलायला वाकणं म्हणजे पडायला आमंत्रण.

फॅन

झाकणानंतर पातळी टिकली. तरी दुपारी सिग्नलला काटा चढतोय असं पुतण्यानं सांगितलं, मग फॅनकडे वळलो.

फॅनला हात लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्यानं निघते. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही फॅन आपोआप सुरू होतो. पाती हातानं फिरवा. अडत असेल किंवा खूप हलत असेल तर मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेलंय.

मग तार परत जोडून चाचण्या. पहिली: इंजिन चालू, एसी चालू. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की फॅन लगेच सुरू होतो. तुमच्या गाडीत रेडिएटरचा आणि एसीचा असे दोन वेगळे फॅन असतील तर कुठला फिरतोय ते नीट बघा, एक फिरतोय म्हणून दुसरा ठीक आहे असं नाही. दुसरी: संगणक असलेल्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचं कनेक्टर इंजिन चालू असताना काढलं, तर बहुतेक वेळा संगणक खबरदारी म्हणून फॅन सुरू करतो. त्यानं फॅन फिरला तर रिले (फॅनला वीज सोडणारा विजेचा स्विच), फ्यूज, वायर, मोटर ठीक आहेत आणि संशय सेन्सरवर जातो. इंजिनचा पिवळा दिवा लागेल, कनेक्टर परत जोडल्यावर काही फेऱ्यांनी तो जातो. जुन्या गाड्यांत रेडिएटरलाच तापमानाचा स्विच असतो, तिथे कनेक्टरच्या दोन तारा जोडल्या की फॅन फिरायला हवा. तिसरी: फॅनचा रिले त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी, बहुधा हॉर्नच्या, अदलाबदल करून बघा.

माझ्याकडे सगळ्या चाचण्या पास झाल्या. सकाळी फॅन प्रत्येक वेळी फिरला. इथेच थांबून "फॅन ठीक" म्हणणं सोपं होतं, आणि गॅरेजमध्ये असंच होतं, कारण गाडी तिथे थंड असताना तपासली जाते. जो दोष तापल्यावर येतो तो तापल्यावरच शोधायला हवा. म्हणून संध्याकाळी पुतण्याला आसरा चौकापर्यंत एसी लावून एक फेरी मारायला सांगितलं, आणि आल्यावर इंजिन चालूच ठेवून फॅनच्या कनेक्टरला मागून टेस्ट लॅम्प (वीज येतेय का दाखवणारा छोटा दिवा) लावला. झाकणाला हात नाही, तोंड बाजूला, पाय क्रेटवर.

"काका, काटा वर चाललाय."

लॅम्प पेटला, फॅन मात्र जागेवरच. म्हणजे वीज पोचतेय, मोटर घेत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं मोटरच्या मागच्या बाजूला, पात्यांपासून लांब, हलकेच ठोकलं आणि फॅन सुरू झाला. "बंद."

ठोकल्यावर फिरणारी मोटर म्हणजे आतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज देणारे छोटे ठोकळे) घासलेत. थंड असताना ते कसेबसे टेकतात, तापलं की टेकत नाहीत. लॅम्प पेटलाच नसता तर कनेक्टरची काळी पडलेली पिन, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट, रिले, फ्यूज या क्रमानं मागे जायचं.

मोटर काढायला फॅनची चौकट सोडवावी लागते. बोल्ट पुतण्यानं सोडवले, मी क्रम सांगितला. कार्बन रिवायंडिंगवाल्याकडे बदलून मिळतात. बुशही ढिलं झालं असेल तर कार्बनवर खर्च करू नका, नवी मोटर बसवा. बसवल्यावर एक गोष्ट प्रत्येकानं तपासावी. फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर मोटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात, फॅन उलटा फिरतोय आणि हवा बाहेर ढकलतोय. असा फॅन बघायला जोरात फिरताना दिसतो, आणि गाडी तापतच राहते.

जाळी आणि पाणी

ही दोन खास आपल्या गावची कारणं. अक्कलकोट रोडकडे किंवा पेठांमध्ये पॉवरलूमच्या शेडजवळ गाडी लावत असाल तर रेडिएटर आणि त्याच्या पुढे असलेल्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीच्या मधे बघा. टॉवेल-चादरीच्या मागांवरून उडणारी तुसं धुळीत मिसळून तिथे जाडसर थर धरतात. पुढून जाळी स्वच्छ दिसते, थर मधे असतो. टॉर्च मागून धरून पुढून बघा, उजेड आरपार येत नसेल तर बुजलंय. पाण्याचा साधा पाइप, कमी जोरानं, इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. गाड्या धुण्याच्या प्रेशर मशीननं नाजूक पत्र्या वाकतात आणि मग वारा कायमचाच अडतो. हे पाण्याचं काम दुसऱ्यानं करावं, तुम्ही ओल्या फरशीपासून लांब बसून टॉर्च दाखवा.

पाण्याबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात बोअरचं पाणी असतं आणि रेडिएटरमध्येही तेच जातं. अंघोळीच्या पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी बघितलाय. तापवल्यावर पाण्यातले क्षार कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतात. इंजिनातही पाणी रोज तापतं. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, झाकणाच्या छोट्या झडपेत बसतो, आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. माझ्या झाकणाची झडप चिकटली ती यामुळेच. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरा, किंवा तयार मिश्रण मिळतं ते भरा. कूलंट फक्त थंडीच्या प्रदेशातल्या बर्फासाठी असतं हा समज सोडा. ते गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदू वाढवतं, आणि सोलापुरात दोन्हींची गरज आहे. गाडीत डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली ठेवली की रस्त्यात टपरीवरचं पाणी घालायची वेळ येत नाही.

भरल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडी थंड, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर. पुतण्यानं इंजिन चालू केल्यावर पातळी खाली जाते आणि बुडबुडे येतात, तसतसं भरत जायचं. वरचा पाइप कोमट व्हायला लागला की झाकण लावून टाका. उसळेपर्यंत उघडं ठेवून बसायचं नाही. मग फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा.

जे घरी करायचं नाही

वॉटर पंप. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो टायमिंग बेल्टच्या मागे असतो, आणि बेल्ट एक दाता चुकला तरी इंजिनाची वाट लागू शकते. हेड गॅस्केटही तसंच. त्याच्या खुणा मात्र बसून ओळखता येतात: थंड गाडी चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत होज पाइप दगडासारखा कडक होणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा न थांबणारा पांढरा धूर, उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. नुसत्या सकाळच्या ओलाव्यानंही ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, ओढून न्यायची. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी गरम होते" एवढंच न सांगता काय काय तपासलं, कुठल्या चाचणीत काय दिसलं, ते कागदावर लिहून द्या. मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे नको ते भाग बदलले जात नाहीत.

आता गाडी पुतण्या चालवतो. बाटलीवर मार्करनं रेघ मारलीय, रोज सकाळी थंड गाडीत तो पातळी बघतो आणि फोटो पाठवतो. फॅनचा आवाज सिग्नलला ऐकायची सवय त्याला लावलीय, काच खाली करून. पातळी रेघेखाली जायला लागली तर पुढची पायरी गॅरेजमधली प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या गळ्याला पंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देतात आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतो का बघतात. थंड गाडीत होते, फार वेळ लागत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारी गळती त्यातच सापडते.